पाठीवरून आणलेला माणूस

वोंजू, इस्पितळातून
१२ नोव्हेंबर २०१८

खेचरभाऊ,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. सायकलच्या दुकानदाराला विचारलं तर तोही डोकं खाजवायला लागला. "खेचर म्हणजे खेचर, वहिनी. टपालातून निवृत्त झालेत, मागच्या गल्लीत राहतात," एवढंच त्याला सांगता आलं. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतेय. जन्मभर पत्ते वाचलेल्या माणसाला बिनपत्त्याचं पत्र धाडायची लाज वाटते, पण करणार काय.

मी बांग इन-सूची बायको, मिन सुन-ओक. तुमच्या सायकल मंडळात ज्याला 'चित्ता' म्हणतात, त्याची. घरात त्याला कोणी चित्ता म्हटलं असतं तर आम्ही हसून लोळलो असतो. मोज्यांचा जोड शोधायला त्याला अर्धी सकाळ लागते.

ऑपरेशन झालं. पाठीच्या मणक्यात स्क्रू घातलेत. कमरेखाली अजून काही हालचाल नाही. डॉक्टर म्हणतात, थांबा. इथे सगळे तेवढंच म्हणतात.

एक गोष्ट मनात राहून राहून टोचते, ती आधी सांगून टाकते. तो डोंगरात पडला त्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीवर तुम्हा लोकांना पेशंटचं नाव विचारलं, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलात. इतकी वर्षं दर रविवारी एकत्र डोंगर चढता, एका भांड्यातलं खाता, आणि एकालाही त्याचं नाव ठाऊक नाही. नर्सने कागदावर लिहिलं, 'चित्ता, पुरुष, वय पन्नाशीचं'. त्याचा फोन खिशातच फुटलेला. मग तुमच्यातल्या कोणाला तरी आठवलं की चित्त्याची बायको बाजारात भाज्या-लोणच्यांचं दुकान चालवते. बाजाराच्या कचेरीतला माणूस गल्लीभर विचारत आला, चित्त्याची बायको कोण म्हणून. मी मुळा चिरत होते. बाजूच्या मासेवालीला म्हटलं, बघ ग, प्राणिसंग्रहालयातून कोणी पळालंय वाटतं. तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, हे मी जाऊन सांगेपर्यंत डॉक्टरांना माहीत नव्हतं.

असो. रागावण्यासाठी लिहायला बसले नाही. सगळे सांगतात की तुम्ही त्याला पाठीवर घेऊन त्या घळीतून खाली आणलंत. तुम्ही त्याच्याहून वयाने मोठे. स्वतःच्या आईला घ्यावं तसं घेतलंत म्हणे. शेजारच्या खाटेवरच्या आजीने हे ऐकून डोळे पुसले. मला नीट आभार मानता येत नाहीत, दमून गेलेय. तरी मानते.

काय घडलं ते सविस्तर लिहाल का? त्याला तुकडे तुकडे आठवतात, आणि विचारलं की तोंड फिरवतो. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. दोन दिवसांआड मी जेचॉनला जाते.

सुन-ओक


जेचॉन
२० नोव्हेंबर

वहिनी,

माझं नाव प्यो चुंग-सिक. ते तुम्हाला पत्रातून कळावं यात माझीच शोभा झाली. मंडळात टोपणनावाचीच रीत आहे. माणूस कचेरीत साहेब असो की शिपाई, डोंगरात त्याने ते खाली ठेवून यावं, म्हणून कोणी कोणाचं नाव-गाव विचारत नाही. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. आता प्रत्येकाच्या हेल्मेटच्या आत चिकटपट्टी लावलीय, त्यावर खरं नाव, घरचा फोन, रक्तगट आणि रोजची औषधं. बैल गेला की झोपा बांधतात तसलं काम. क्षमा असावी, इन-सूला बैल म्हटलं नाही.

त्या दिवशी माबोंगच्या माथ्यावरून आम्ही सात जण उतरत होतो. मी नेहमीप्रमाणे शेवटी. मागे कोणी राहू नये म्हणून एकाने शेवटी राहायचं असतं, ते काम माझ्याकडे. ओकची पानं पडून वाट पार झाकली होती आणि खाली ओल होती. तिसऱ्या वळणाच्या खाली एक दगडी पायरी आहे, तिथे इन-सू दरवेळी उतरून सायकल हातात घ्यायचा. त्या दिवशी उतरला नाही. पुढचं चाक पानांखालच्या मुळाला अडलं आणि तो हँडलवरून पलीकडे घळीत गेला.

मी पोचलो तेव्हा तो उताणा होता. शुद्धीवर होता. पाय हलतात का विचारलं तर त्याने बुटातली बोटं हलवून दाखवली, दोन्ही पायांची. माझा जीव भांड्यात पडला. घळीत फोन लागत नव्हता. आमच्यातला तीळ नावाचा पोरगा फोन लागेल तिथवर वर धावला. वाटेवरच्या खांबांवर नंबर असतात, तो सांगितला की बचावपथकाचे लोक थेट येतात. पण खांबाचा नंबर कोणीच बघून ठेवला नव्हता, म्हणून त्यांना जागा सापडेना. ऊन गेलं. इन-सूचे ओठ निळे पडायला लागले. मग मी त्याला पाठीवर घेतला. दोघांनी मागून धरलं. जंगलरस्त्यावर पोचेपर्यंत माझे गुडघे गेले, पण एकदाही खाली ठेवला नाही. इन-सू वाटेत एक शब्द बोलला नाही. दात आवळून होता. गडी खंबीर आहे तुमचा.

वर्षअखेरीच्या जेवणात मंडळ माझा सत्कार करून काहीतरी तबक-बिबक देणार आहे. मी नको म्हणून बघितलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, माणूस पहिल्यांदाच पोचवला.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय. आपल्याकडे म्हातारे सरपण वाहायचे ती पाठीवरची लाकडी चौकट, जिगे, तसलीच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची करायची. घडी घालून पिशवीत मावेल अशी. वर बसायला पट्टा. माणूस पडला की चौकटीवर बसवायचा, बांधायचा आणि निघायचं. कोणाची वाट बघायला नको. दोन नळ्या वाकवूनही झाल्या. इन-सूला सांगा, पहिलीवर त्याचं नाव घालीन. खरं नाव.

प्यो चुंग-सिक


वोंजू
२ डिसेंबर

ताई,

फोनवर हे बोलता येत नाही. खोलीत सहा खाटा, आणि इन-सू दोन हातांवर. तो झोपला आहे असं वाटतं आणि तो ऐकत असतो.

किमचीसाठी कोबी या वर्षी मी घातलाच नाही. मंडळातल्या बायका दोन डबे देऊन गेल्या. चांगल्या आहेत ग सगळ्या. म्हणूनच जास्त जड जातं.

त्याला पाठीवर घेणारे ते टपालवाले प्यो, त्यांच्याबद्दल तुला सांगितलं होतं ना. त्यांचं पत्र आलं. पडल्यावर इन-सूने पायाची बोटं हलवून दाखवली होती, असं त्यात होतं. मला इतका आनंद झाला. म्हटलं, हलत होती म्हणजे परत हलतील. धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हातातली फाईल उघडली. मग विचारलं, हे कोणी बघितलं? मी सांगितलं. मग हळूच म्हणाले की ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं तेव्हा बोटं हलत नव्हती, तशी नोंद आहे. मणका मोडला होता, पण आतला मज्जारज्जू शाबूत होता. पाठीवर वाकवून, हिसके खात उतरवल्यावर हाडाचा तुकडा आत सरकला. "उचलायला नको होतं," म्हणाले. "जिथे होता तिथेच डोकं-मान धरून, पांघरूण घालून ठेवायला हवा होता. उशीर झाला असता तरी चाललं असतं." वर म्हणाले, शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले.

मी जिन्यात जाऊन बसले. रडूही आलं नाही. इतकी दमलेय की रडायला उभारी लागते ती नाही. राग कोणावर काढू? पानांवर? त्या माणसाने गुडघे फोडून घेतले. आजूबाजूचे त्याला देव करून बसलेत. इन-सू रोज विचारतो, दादा आले होते का, दादांना बोलाव.

आणि ताई, ते आता माणसं वाहून न्यायची चौकट बनवतायत. पडलेल्याला त्यावर बसवायचं आणि निघायचं. खऱ्या मनाने बनवतायत. सांगितलं तर तो माणूस मोडून पडेल. नाही सांगितलं तर उद्या कोणाचा तरी नवरा माझ्या नवऱ्याशेजारच्या खाटेवर येईल. तू सांग मी काय करू.

सुन-ओक


सोक्चो
९ डिसेंबर

सुन-ओक,

तुझं पत्र सुक्या माकुळाच्या ढिगावर बसून वाचलं. गिऱ्हाईक आलं त्याला म्हटलं, उद्या ये.

तू काही सांगू नकोस. पाय परत येणार आहेत का सांगून? नाही ना. मग एका चांगल्या माणसाचा उरलेला जन्म कशाला नासवतेस. तुला रात्री-अपरात्री हाक मारायला कोणी तरी लागेल. मी इकडे समुद्रावर, तुझा पोरगा सैन्यात. त्या म्हाताऱ्याला तोडलंस तर उरलं कोण?

चौकटीचं म्हणशील तर पुरुषांची असली खुळं चार दिवस टिकतात. तुझ्या भाऊजींनी बोट बांधायला घेतली होती, तिच्यात आता मी कांदे ठेवते.

मला राग त्या सगळ्यांचाच येतो. पन्नाशी उलटली, डोक्यावर टक्कल, आणि रंगीबेरंगी कपडे चढवून डोंगर चढायचा, वर बसून तांदळाची दारू प्यायची आणि मग दगडांवरून खाली यायचं. जोडीला ना औषधाची पेटी, ना पांघरूण. माझ्या दुकानात यायला निघालास तर छत्री घेतोस ना बाबा? मग?

जेवत जा. तुझ्या आवाजावरून कळतं की जेवत नाहीस. सुकी मासळी पाठवलीय, नर्सलाही दे, त्या पोरींना कोणी काही देत नाही.

ताई


वोंजू
१५ डिसेंबर

प्यो भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे.

सध्या भेटायला येऊ नये ही विनंती. त्याला थकवा येतो. चौकटीवर त्याचं नाव घालू नका, त्याला असलं आवडत नाही.

थंडी वाढलीय, जपा.

मिन सुन-ओक


जेचॉन
११ फेब्रुवारी २०१९

वहिनी,

चांद्र नववर्षाच्या शुभेच्छा. सणाला तुमच्या दुकानाच्या बंद दारापाशी नासपतींची पेटी ठेवून आलो होतो, मिळाली असेल.

तुमच्या मागच्या पत्रावर खूप विचार केला. ते थोडक्यात होतं. माझ्या लक्षात आलं की मी पत्रात तबक-बिबक लिहिलं, त्याचा तुम्हाला त्रास झाला असणार. नवरा खाटेवर आणि हा म्हातारा आपलं कौतुक लिहितोय. चूक झाली. मी ते तबक घेतलं नाही. जेवणालाही गेलो नाही, गुडघ्याचं निमित्त केलं.

इन-सूची आठवण येते. माझ्यापुढे सायकल चालवताना तो सारखा मागे वळून विचारायचा, दादा, दमलात का? स्वतः दमला की विचारायचा. मी हो म्हणायचो, म्हणजे त्याला थांबता यायचं. इतक्या वर्षांत त्याला हे कळलं की नाही कोण जाणे.

चौकट तयार झाली. वजनाने कुत्र्याच्या पिल्लाएवढी. मी तिळाला पाठीवर बांधून नदीकाठच्या टेकडीवरून तीनदा उतरवला. पोरगं म्हणालं, गाडीत बसल्यासारखं वाटलं. शेजारच्या दानयांगच्या सायकल मंडळाचे लोक बघायला आले होते, त्यांनाही दोन हव्यात, नळ्या देऊन ठेवल्यात. १० मार्चच्या रविवारी डोंगराची पूजा आहे. डुकराचं डोकं, वाफेची तांदूळ-भाकरी, सगळ्या सायकली ओळीने लावून वर्षभर कोणी पडू नये म्हणून साकडं घालायचं. या वर्षी नवे लोक बरेच आलेत. पूजेनंतर त्यांना चौकट बांधायला शिकवायचं माझ्यावर सोपवलंय. इन-सूची गोष्ट सांगीन म्हणतो. आपला माणूस डोंगरात टाकून यायचा नाही, एवढं त्यांच्या मनावर बिंबलं तरी पुरे.

त्याला भेटायची फार इच्छा आहे. तुम्ही म्हणाल तेव्हाच येईन.

प्यो चुंग-सिक


वोंजू
२६ फेब्रुवारी

प्यो भाऊ,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. माझी बहीण म्हणते लिहू नकोस. तिचं ऐकणार होते. मग तुमचं दानयांगच्या लोकांचं वाचलं आणि झोप उडाली, होती तेवढीही.

नासपती मिळाल्या. तबकाचा मला राग नव्हता. तुम्ही ते घेतलं असतंत तरी चाललं असतं.

इन-सू पडला तेव्हा त्याचे पाय हलत होते, हे तुम्हीच मला लिहिलंत. ॲम्ब्युलन्समध्ये ते हलत नव्हते. डॉक्टर म्हणतात की मोडलेला मणका पाठीवर उतरताना सरकला. त्याला हलवायला नको होतं. तिळाला फोनवर बचावपथकाच्या लोकांनीही हेच सांगितलं होतं असं मला नंतर कळलं. पण तो खाली येईपर्यंत तुम्ही निघाला होतात.

झालं लिहून. याहून सौम्य कसं लिहायचं मला येत नाही.

तुम्ही हे प्रेमाने केलंत हे मला माहीत आहे. आपल्याकडे माणूस आजारी पडला की पाठ पुढे करायची, एवढंच सगळ्यांना शिकवलेलं असतं. मी तिथे असते तर मीच म्हटलं असतं, घ्या त्याला. म्हणूनच सांगतेय. तुमचं सगळे ऐकतात. तुम्ही त्या नव्या लोकांना ती चौकट बांधायला शिकवाल आणि ते विश्वासाने बांधतील. पुढच्या वर्षी कोणीतरी पडेल, पाय हलवून दाखवेल, आणि ते त्याला उचलतील.

मी रोज त्याला कूस बदलून देते. दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुकान शेजारणीच्या भरवशावर आहे. मला तुमचा राग येतो आणि राग आला म्हणून लाज वाटते, आणि दोन्ही करायला आता अंगात त्राण नाही. इन-सूला यातलं काही सांगितलेलं नाही. तो अजून तुमचं नाव घेतो.

चौकट मोडा. एवढंच मागते.

सुन-ओक


जेचॉन
१४ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. लगेच उत्तर दिलं नाही. काय लिहावं सुचेना, आणि खाली सही कुठल्या तोंडाने करावी तेही कळेना.

चौकट मोडली. दानयांगच्या लोकांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, आम्ही जपून वापरू. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, तुमचं नाव न घेता. मग त्यांनी त्यांच्या नळ्या परत दिल्या.

पूजेला जावं की नाही ठरत नव्हतं. शेवटी गेलो. दारू जमिनीवर ओतून झाली, नमस्कार झाले, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आता खेचरदादा दाखवणार. मी सांगितलं की चौकट नाही. मी चित्त्याला उचललं म्हणून त्याचे पाय गेले. एवढंच बोललो. एका बाईने तोंडाशी नेलेली भाकरी परत खाली ठेवली.

मग मी जमिनीवर आडवा झालो. म्हटलं, मी पडलोय. पाठ मोडलीय. शिट्टी वाजवा, एकाने वर जा, खांबाचा नंबर सांगा, आणि बाकीच्यांनी माझ्याजवळ बसा. मदत यायला लागतो तेवढा वेळ. जमीन अजून गोठलेलीच होती. आणि वहिनी, त्यांना ते बसणंच जमेना. एक म्हणाला निदान हेल्मेट काढू, दादांना मोकळं वाटेल. दुसरा पाणी पाजायला आला. तिळाने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, तो थोड्या वेळाने म्हणाला, दादा, असं नुसतं बघत राहवत नाही हो. मी म्हटलं, राहायचं. मला थंडी वाजायला लागली तेव्हा चार जणांनी आपले कोट काढून घातले. एकीने चुलीजवळ तापलेला दगडही कापडात गुंडाळून जवळ ठेवला. पण हलवलं नाही कोणी. शेवटी मीच उठलो, आणि उठताना दोघांनी हात पुढे केले तर त्यांच्यावर ओरडलो.

आता दर रविवारी हेच करणार आहोत, आणि मग सायकली. जाता-येता प्रत्येक खांबाचा नंबर मोठ्याने वाचायचा असं ठरलंय. प्रत्येकाच्या पिशवीत अंगाची ऊब धरून ठेवणारी एक चंदेरी चादर. पाच माणसांची एक तुकडी इस्पितळात प्रथमोपचाराचं शिक्षण घ्यायला जातेय. मी त्यात नाव घातलं नव्हतं, त्यांनी घातलं.

माफी मागायला हवी. पण माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तुमच्यावर आणखी एक काम कशाला टाकू. माझ्याकडे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. उचललं ते मीच.

इन-सूला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी येणार नाही, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायची वेळ येणार नाही.

प्यो चुंग-सिक


वोंजू
२१ मार्च

प्यो भाऊ,

तुमचं पत्र मी इन-सूला वाचून दाखवलं. एकटीने बाळगायचा कंटाळा आला. म्हटलं, माझा नवरा आहे, अर्धं ओझं त्याने घ्यावं. पाय गेलेत, कान शाबूत आहेत.

आधी मी तुम्हाला काय लिहिलं होतं ते सांगितलं, मग तुमचं वाचलं. तो छताकडे बघत होता. पूजेचं आलं, तुम्ही जमिनीवर आडवे झालात ते, तिथे त्याने डोळे मिटले. पत्र संपलं. मी त्याला कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली. तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा नाहीच म्हणत होते."

मी विचारलं, कशाला नाही म्हणत होते?

"उचलायला. म्हणत होते, थांबू या, तीळ वर गेलाय, येतील लोक. मी त्यांची बाही धरली. सोडलीच नाही. म्हटलं, दादा, मला इथे ठेवू नका. मी मरेन इथे. मला पाठीवर घ्या. लहान पोरासारखा रडलो मी, सुन-ओक. सगळ्यांसमोर. आईला हाका मारल्या. ते तरी नाही म्हणत होते. मग मी त्यांना शिव्या घातल्या. म्हटलं, तुमचा सख्खा भाऊ असता तर ठेवला असता का असा?"

तेव्हा तुम्ही खाली बसून पाठ दिलीत.

वाटेत तो रडतच होता म्हणे, आणि तुम्ही त्याला सांगत होतात की वहिनींना यातलं काही कळणार नाही. नोव्हेंबरपासून माझ्याकडे तोंड करून त्याला हे सांगता आलं नाही. मी त्याला काही विचारलं की तो तोंड का फिरवायचा, ते आता कळलं.

आणि तुम्ही मला लिहिलंत, तो एक शब्द बोलला नाही, खंबीर आहे. तेव्हा लिहिलंत ते ठीक. पण मी तुम्हाला तसलं पत्र पाठवल्यावर? तेव्हा तर एक ओळ पुरली असती. त्यानेच सांगितलं, असं लिहिलं असतंत तर मी तुम्हाला काय म्हणू शकले असते? तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःचं नाव घातलंत आणि त्याचं रडणं झाकून ठेवलंत. मला कळत नाही तुम्हाला काय म्हणावं. मूर्ख म्हणावंसं वाटतं. माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, तर तीही मूर्खच म्हणाली, आणि मग नाक शिंकरत बसली.

खोटं लिहीत नाही, राग अजून आहे. सकाळी त्याचे पाय चोळताना येतो. तो पूर्ण जाईल असं वाटत नाही. आता थोडा त्याच्यावरही येतो, थोडा माझ्यावर, म्हणजे वाटला गेलाय एवढंच. रागावलेल्या बाईच्या समोर येऊन बसायची तयारी असेल तर रविवारी या. तुमचं ते सायकलचं उरकून दुपारी या. आम्ही आता खालच्या मजल्यावर आहोत, व्यायामाच्या खोलीशेजारी. तो वाट बघतोय. कालपासून दाढी करून द्या म्हणून नर्सच्या मागे लागलाय.

येताना काही आणू नका. त्याच्याशी बोललात तर बोला, नाहीतर दोघे गप्प बसा. कूस कशी बदलायची ते मी दाखवीन, नर्स सोबत असेल, घाबरायचं कारण नाही. तुम्ही त्याच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसलात की मी घरी जाईन, दार लावीन आणि झोपेन. मला उठवू नका.

सुन-ओक